घटाला कुंभार, तर विश्वाला कोण? : ईश्वरानुमान तपासण्यासाठी धागा

पक्षता (धागाकर्ता) | शनिवार, १०:१२

विज्ञानाच्या कुठल्याही धाग्यावर उशिरा का होईना, एक वाक्य हमखास पडतं: "प्रत्येक गोष्टीला कोणीतरी बनवणारा असतो, मग एवढ्या विश्वाला नको?" त्यावर ठरलेलं उत्तर: "मग देवाला कोणी बनवलं?" पुढे दोनशे प्रतिसाद नुसती धुळवड.

दोन्ही वाक्यं ढिली आहेत. ज्यांनी हा युक्तिवाद गंभीरपणे केला ते "प्रत्येक गोष्टीला" म्हणतच नाहीत, "प्रत्येक कार्याला" म्हणतात. ईश्वर हे कार्य नाही हेच त्यांचं म्हणणं, त्यामुळे उलटप्रश्नाचा नेम चुकतो. म्हणून इथे नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कशास्त्र्यांची, घट्ट मांडणी घेऊ आणि त्यांच्याच हत्यारांनी ती तपासू. अन्नंभट्टांच्या तर्कदीपिकेत ती एका ओळीत आहे:

क्षित्यङ्कुरादिकं कर्तृजन्यं, कार्यत्वात्, घटवत्।

पक्ष म्हणजे ज्याबद्दल बोलतोय ते: पृथ्वी, अंकुर वगैरे. साध्य: कर्त्याकडून झालेलं असणं. हेतू: कार्य असणं, म्हणजे आधी नसून मग होणं, शास्त्राच्या भाषेत प्रागभावाचा प्रतियोगी असणं. दृष्टांत: घट. कर्ता कोणाला म्हणायचं तेही बांधलेलं आहे. ज्याला उपादानाचं, म्हणजे कच्च्या मालाचं प्रत्यक्ष ज्ञान आहे, करण्याची इच्छा आहे आणि प्रयत्न आहे, तो कर्ता. ज्ञान, चिकीर्षा, कृती. तिन्ही हवीत. "एक शक्ती आहे बुवा" एवढ्याने भागत नाही.

तपासायचा क्रम असा. हेतू पक्षावर खरंच आहे का? नसेल तर 'असिद्ध', विषय संपला. असेल तर व्याप्ती, म्हणजे 'हेतू तिथे साध्य' हा नियम, पाहायची: हेतू आहे पण साध्य नाही असं एखादं ठिकाण सापडतं का? मग उपाधी शोधायची, म्हणजे हेतूच्या आड दडून खरं काम करणारी दुसरी अट. त्यानंतर तितक्याच ताकदीचं उलट अनुमान उभं राहतं का, आणि शेवटी दुसऱ्या प्रमाणाने बाध येतो का.

श्रुतिप्रामाण्य, म्हणजे वेद सांगतो म्हणून खरं, हे या धाग्यापुरतं बाजूला. कोणाच्या श्रद्धेची टिंगल नको, तसंच "विज्ञानाला सगळं कुठे कळतं" हेही नको.

---

शंकासुर | शनिवार, १०:४०

हजार वर्षं जुनी भांडी कशाला घासायची? क्वांटममध्ये कारणाशिवाय घटना घडतात. युरेनियम-२३८ चा अर्धायुकाल सुमारे ४४७ कोटी वर्षं आहे, पण अमुक अणू आत्ताच का फुटला याला कारण नाही. "कार्याला कारण लागतं" हेच पडलं, मग कर्ता कुठून आणणार?

---

त्रसरेणू | शनिवार, ११:२५

@शंकासुर, घाई होतेय. तो अणू कधी फुटेल हे ठरलेलं नसतं, पण फुटायला आधी युरेनियमचं केंद्रक लागतं, अल्फा कणाला अडवणारी ऊर्जेची भिंत लागते, आणि दर सेकंदाची शक्यता ठरलेली असते. नैयायिकाच्या भाषेत समवायी कारण, म्हणजे ज्यातून कार्य घडतं तो माल, जागेवरच आहे. क्षण ठरवणारं पुरेसं कारण तेवढं सापडत नाही. हे उदाहरण "कारणाशिवाय कार्य" दाखवत नाही, "सगळं पूर्वनिश्चित" याला धक्का देतं.

आता मूळ मांडणी. तिचे सगळ्यात मोठे वकील उदयनाचार्य. त्यांच्या लक्षणावलीत शके ९०६ चा उल्लेख आहे, म्हणजे इसवी सन ९८४ च्या आसपासचे. त्यांच्या न्यायकुसुमांजलीचे पाच स्तबक, म्हणजे प्रकरणं. पहिले चार विरोधकांचे आक्षेप खोडण्यात जातात, पाचव्यात साधक पुरावे. तिथला श्लोक:

कार्यायोजनधृत्यादेः पदात् प्रत्ययतः श्रुतेः।
वाक्यात् सङ्ख्याविशेषाच्च साध्यो विश्वविदव्ययः॥

म्हणजे कार्य, धृती, संख्याविशेष वगैरे हेतूंवरून सर्वज्ञ, अविनाशी ईश्वर सिद्ध करायचा. बहुतेक जण 'कार्य' या पहिल्या हेतूवरच थांबतात. मला शेवटचा, 'संख्याविशेष', जास्त मोलाचा वाटतो, कारण त्यात यंत्राचा प्रत्येक भाग उघडा दिसतो.

वैशेषिकांच्या (न्यायाच्या जोडीचं परमाणुवादी दर्शन) मते परमाणूला अवयव नाहीत आणि त्याचं परिमाण सगळ्यात सूक्ष्म. दोन परमाणू मिळून द्व्यणुक, तीन द्व्यणुकं मिळून त्र्यणुक. झरोक्यातून आलेल्या उन्हात तरंगताना दिसणारा कण तो त्र्यणुक किंवा त्रसरेणू, म्हणजे सहा परमाणू. (माझा आयडी तिथूनच घेतलाय.) आता अडचण अशी की त्यांच्या नियमानुसार परिमाण आपल्याच जातीचं, पण आणखी तीव्र परिमाण निर्माण करतं. मोठ्याला मोठं जोडलं की अधिक मोठं होतं. मग सूक्ष्माला सूक्ष्म जोडलं तर अधिक सूक्ष्म व्हायला हवं! म्हणजे परमाणूंच्या आकारातून जग कधी मोठं होणारच नाही. म्हणून ते म्हणतात, इथे परिमाण आकारातून येत नाही, संख्येतून येतं: द्व्यणुकाचं 'दोन'पणातून, त्र्यणुकाचं 'तीन'पणातून.

पुढची पायरी. 'दोन' ही संख्या वस्तूवर आपोआप नसते. "हा एक, हा एक" असं कोणाच्या तरी बुद्धीने एकत्र धरलं की ती उत्पन्न होते, ही अपेक्षाबुद्धी. प्रलयानंतर सृष्टी पुन्हा सुरू होताना कुठल्याच जीवाला शरीर नाही, बुद्धी चालू नाही. मग परमाणू मोजले कोणी? ईश्वराने.

मोडतं कुठे तेही स्पष्ट दिसतं. संख्या मोजणाऱ्यावर अवलंबून असते हे एक गृहीतक काढा, अख्खा हेतू बसतो. हायड्रोजनच्या रेणूत दोन केंद्रकांमधलं अंतर सुमारे ७४ पिकोमीटर असतं. ते रेणूची एकूण ऊर्जा कुठे किमान होते यावरून ठरतं. तिथे कोणी 'दोन' म्हणण्याची वाट पाहत नाही.

आणखी एक. उदयनांचं जग अनादी आहे. सृष्टी-प्रलयाची चक्रं चालूच, परमाणू नित्य, आकाश-काल नित्य. त्यांचा ईश्वर निमित्तकारण आहे, शून्यातून काही काढणारा नाही. तेव्हा "बिग बँगमुळे न्यायदर्शन खरं ठरलं" अशा ज्या पोस्टी फिरतात त्या लिहिणाऱ्यांनी न्यायाचं पहिलं पानही उलटलेलं नाही.

---

पाटणकर_गोलाध्यायी | शनिवार, १२:०३

त्या श्लोकातल्या 'धृती'बद्दल. हेतू असा: पृथ्वी जड आहे, तरी पडत नाही, म्हणजे कोणाच्या तरी प्रयत्नाने धरलेली आहे, जसा आकाशातला पक्षी काडी धरून असतो.

याला उत्तर बाहेरून आणायची गरज नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये सिद्धांतशिरोमणीच्या गोलाध्यायात दिलंय. ते 'मूर्त' आधाराबद्दल, म्हणजे शेष-कूर्म वगैरेंबद्दल बोलतात: पृथ्वीला धरणारा मानला तर त्याला धरणारा दुसरा, त्याला तिसरा, अशी अनवस्था होते. शेवटच्याला "तो स्वतःच्या शक्तीने राहतो" म्हणावंच लागणार असेल तर ते पहिल्यालाच का म्हणू नये? आणि पुढे: सगळीकडे सारखंच आकाश असताना ती पडेल तरी कुठे?

मजा म्हणजे त्याच श्लोकात पृथ्वी ही शिवाच्या अष्टमूर्तींपैकी एक असंही ते म्हणतात. माणूस श्रद्धावान, पण देवाला खांबासारखं वापरत नाही. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात त्यांच्या घराण्याची माहिती आहे, माझा आयडी तिथला.

---

आर्द्रेंधन | शनिवार, १४:१८

मुख्य हेतूकडे, 'कार्यत्वा'कडे येतो. कसोटीची जागा उपाधी.

उपाधीचं लक्षण: साध्य असेल तिथे ती असते, पण हेतू असेल तिथे ती असेलच असं नाही. शाळेतलं उदाहरण: "डोंगरावर धूर आहे, कारण आग आहे." चूक, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात आग असते, धूर नसतो. धुरासाठी ओलं सरपण लागतं. ओल्या सरपणाचा संयोग ही इथली उपाधी. उपाधी सापडली की व्याप्ती अटीतटीची होते आणि नवीन ठिकाणी ती अट आहे का हे वेगळं दाखवावं लागतं.

ईश्वरानुमानात विरोधकांनी दिलेली उपाधी: शरीरजन्यत्व. घट, पट, रथ, वाडा, जिथे कर्ता दिसला तिथे शरीरही दिसलं. साध्याबरोबर ती कायम आहे. पण अंकुर कार्य असूनही कोणाच्या हातांनी घडलेला नाही, म्हणजे हेतू आहे आणि उपाधी नाही. लक्षण पूर्ण.

नैयायिक गप्प बसत नाहीत. विरोधकाचं उलट अनुमान असं होतं: "पृथ्वी अकर्तृक आहे, कारण ती शरीराने जन्मलेली नाही, आकाशासारखी." ते म्हणतात, तुमच्या हेतूत 'शरीराने' हे विशेषण फुकट आहे. आकाश अकर्तृक आहे ते मुळात जन्मलेलंच नाही म्हणून. 'अजन्य' एवढंच पुरे, आणि पृथ्वी अजन्य नाही, मग हेतू लागू होत नाही. हा डाव चलाख आहे, पण अर्धाच जिंकतो. उलट अनुमान पडतं. मूळ व्याप्तीवरचा संशय तसाच राहतो. तो संशय त्यांच्याच भाषेत 'अप्रयोजकत्व': असेना का कार्य, नसेना का कर्ता, बिघडतंय काय?

धूर-आगीच्या बाबतीत "बिघडतंय काय" ला उत्तर आहे: आगीशिवाय धूर मानला तर धूर ज्या कारणाने होतो ते कारणच नाकारलं जातं. याला अनुकूल तर्क म्हणतात. 'कार्य' आणि 'कर्ता' यांच्यात असा तर्क कुठे आहे? "प्रत्येक कार्याचं कृती हे कारण असतंच" म्हणाल तर तेच तर सिद्ध करायचं होतं.

सातव्या शतकात बौद्ध तार्किक धर्मकीर्तींनी नेमकं इथेच बोट ठेवलं. आपण एका विशिष्ट प्रकारची घडण कर्त्यामागून येताना पाहतो आणि त्या प्रकारापुरतं अनुमान करतो. 'घडण' हा शब्द सारखा म्हणून सगळ्या घडणींना एकच नियम लावला तर कुंभार मातीला आकार देतो एवढ्यावरून वारूळही कुंभारानेच केलं असं म्हणावं लागेल. त्यांचं दुसरं उदाहरण: धूर फिकट असतो म्हणून दिसेल त्या फिकट वस्तूवरून आगीचं अनुमान.

---

रात्रपाळी | शनिवार, २२:५०

+१. प्रश्न: मग अंकुर हाच सरळ व्यभिचार (हेतू आहे पण साध्य नाही असं प्रतिउदाहरण) का नाही? पेरला, उगवला, कर्ता दिसला नाही. खेळ खलास.

---

आर्द्रेंधन | शनिवार, २३:३१

@रात्रपाळी, ते म्हणतील अंकुर पक्षातच आहे. ज्याबद्दल वाद चाललाय त्यालाच प्रतिउदाहरण म्हणून उभं करता येत नाही. डोंगरावरची आगही आधी दिसत नसते. नियम म्हणून हे बरोबर आहे.

गोम दुसरीकडे. पक्ष इतका फुगवला की जगातली प्रत्येक नैसर्गिक वस्तू त्यात गेली, तर व्याप्ती तपासायला बाहेर फक्त माणसाने केलेल्या वस्तू उरतात. तिथे हेतू कधी चुकणारच नाही, कारण चुकू शकतील असे सगळे नमुने आधीच उचलून बाजूला ठेवलेत. विक्रमशिलेच्या बौद्ध रत्नकीर्तींनी अकराव्या शतकात ईश्वरसाधनदूषणात याच दिशेने हल्ला केला: प्रतिकूल ठिकाणी हेतू नाही हे ठरवायला तसं ठिकाण आधी पाहता यायला हवं. अदृश्य कर्ता कुठे नाही हे कसं पाहणार? नाही हे पाहता येत नसेल तर "कर्ता नसेल तिथे कार्य नसतं" हे वाक्य कधीच पक्कं होणार नाही.

---

लंबन | रविवार, ०९:०५

मी विश्वरचनेच्या बाजूने लिहितो, कारण धाग्याच्या मथळ्यात 'विश्व' आहे आणि नैयायिकांच्या पक्षात 'पृथ्वी, अंकुर'. हा फरक छोटा नाही.

पृथ्वी कार्य आहे यात वाद नाही. वय सुमारे ४५४ कोटी वर्षं, त्याआधी ती नव्हती. प्रागभाव हजर. अख्ख्या विश्वाचं काय? १३८० कोटी वर्षं हा आकडा कशाचा आहे हे नीट पाहा. आजचा प्रसरणवेग आणि द्रव्य-ऊर्जेचं प्रमाण घेऊन समीकरण मागे चालवलं की तो येतो. पुराव्याचा टप्पा असा: २.७२५ केल्विनचं पार्श्वप्रारण (आकाशात सगळीकडून येणाऱ्या सूक्ष्मलहरी) आपल्याला सुमारे ३.८ लाख वर्षं वयाच्या विश्वाचं चित्र देतं. वस्तुमानाने सुमारे चतुर्थांश हेलियम पहिल्या काही मिनिटांची साक्ष देतं. त्याच्या मागे जाल तशी साक्ष विरळ होते, आणि १०^-४३ सेकंदाच्या आसपास सामान्य सापेक्षता वापरायचा अधिकारच संपतो. टी = ० ही मोजलेली घटना नाही, वक्र पुढे ओढून काढलेला बिंदू आहे.

"पण सुरुवात गणिताने सिद्ध झालीय" म्हणून दोन प्रमेयं पुढे केली जातात. पहिलं हॉकिंग-पेनरोझ, १९७०. त्यात ऊर्जेबद्दलची एक अट आहे (गुरुत्व नेहमी ओढणारंच), आणि आरंभीची महाविस्तारणाची (इन्फ्लेशन) अवस्था तीच अट मोडते. दुसरं बोर्डे-गुथ-विलेंकिन, २००३. त्याला ऊर्जेची अट लागत नाही. एकच अट, एखाद्या मार्गावर सरासरी प्रसरण शून्याहून जास्त असावं. निष्कर्ष: असे मार्ग भूतकाळात अनंतापर्यंत जात नाहीत, कुठेतरी तुटतात. एवढंच. तुटण्यापलीकडे काहीच नव्हतं, की वेगळं भौतिक राज्य होतं, हे प्रमेय सांगत नाही. आधी आकुंचन होऊन उसळी आली असेल तर सरासरीची अटच लागू होत नाही.

आता धागाकर्त्यांनी दिलेली व्याख्या धरा: कार्य म्हणजे प्रागभाव असलेलं. दोन शक्यता. काळ त्या बिंदूच्या मागेही होता, तर तिथे काहीतरी होतं आणि आपला बिग बँग हा एका अवस्थेचा बदल ठरतो. 'संपूर्ण' विश्वाला प्रागभाव मिळत नाही. किंवा त्या बिंदूच्या मागे काळच नाही, जसं हार्टल-हॉकिंग यांच्या १९८३ च्या प्रारूपात काळाला मागे मर्यादा आहे पण धारदार टोक नाही; मग 'आधी नव्हतं' म्हणायला 'आधी' उरत नाही. दोन्ही वाटांनी हेतू पक्षावर बसत नाही. असिद्ध. माझ्या मते अख्ख्या विश्वाबद्दलचा "सुरुवात, म्हणून कर्ता" हा युक्तिवाद पहिल्याच पायरीवर अडकतो, व्याप्तीपर्यंत पोचतही नाही.

याचा अर्थ कर्ता नाही असा नव्हे. हा हेतू चालत नाही, इतकाच.

---

शंकासुर | रविवार, ०९:४४

पण शून्यातून विश्व आपोआप येतं असं भौतिकीच सांगतं ना? निर्वातात आभासी कण येतात-जातात.

---

लंबन | रविवार, १०:२०

ते शून्य नाही. क्वांटम निर्वात ही क्षेत्रांची किमान ऊर्जेची अवस्था आहे. अवकाश आहे, क्षेत्रं आहेत, नियम आहेत. १९७३ मध्ये ट्रायॉनने विश्व म्हणजे असा एक चढउतार असू शकेल असं मांडलं (गुरुत्वाची ऊर्जा ऋण, द्रव्याची धन, बेरीज शून्याजवळ), पण तोही आधी निर्वात धरून चालतो. विलेंकिनने १९८२ मध्ये अवकाशही वगळलं, तरी समीकरण शिल्लक राहतंच. ज्याला नियम लागू होतात त्याला तत्त्वज्ञ 'काहीच नाही' म्हणू देणार नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. नास्तिकांनी हा पुरावा म्हणून वापरू नये, जसा आस्तिकांनी बिग बँग वापरू नये.

आस्तिकांना हे सांगणारा पहिला माणूस खुद्द ल्मेत्र, कॅथलिक धर्मगुरू आणि १९३१ मध्ये आदिम अणूची कल्पना मांडणारा. नोव्हेंबर १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी भाषणात नव्या विश्वरचनाशास्त्राला निर्मितीच्या बाजूने उभं केलं, ते ल्मेत्रला रुचलं नाही. पुढच्या वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी तो सूर लावला नाही.

उलट बाजूचा धडा आपल्या नारळीकरांच्या कामात आहे. १९४८ च्या स्थिर स्थिती सिद्धांतात विश्वाला सुरुवात नाही. प्रसरणाने घनता घटू नये म्हणून नवं द्रव्य जन्मत राहतं. किती? गणित सोपं आहे: दर = ३ × हबल स्थिरांक × घनता. आजचा स्थिरांक ७० (किलोमीटर/सेकंद प्रति मेगापार्सेक) धरला (म्हणजे सेकंदाला २.२७ × १०^-१८) आणि क्रांतिक घनता घनमीटरला सुमारे साडेपाच हायड्रोजन अणूंइतकी, तर दर घनमीटरला ८०-९० कोटी वर्षांत एक अणू. प्रयोगशाळेत पकडायला अशक्य. हॉईल आणि नारळीकरांनी साठच्या दशकात त्यासाठी सी-क्षेत्र आणलं: ऋण ऊर्जेचं क्षेत्र, जेणेकरून द्रव्य जन्मताना ऊर्जा-अक्षय्यता मोडू नये. १९६५ मध्ये पार्श्वप्रारण सापडलं आणि मूळ सिद्धांत मागे पडला. १९९३ मध्ये हॉईल, बर्बिज आणि नारळीकर यांनी त्याचं सुधारित रूप मांडलं, तेही बहुतेकांना पटलं नाही. पण लक्षात घ्या, तो पडला तो मोजमापांवर. विश्व अनादी म्हटल्याने तर्कदृष्ट्या काही फुटलं नव्हतं.

---

अभंगवाणी | रविवार, १३:१५

आस्तिक बाजूने. वरच्या बऱ्याच गोष्टी मान्य, पण तुम्ही सगळे एकाच दारावर धडका देताय. कर्त्यासाठी सुरुवात लागतेच असं नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने स्पष्ट लिहिलंय की जग अनादी नाही हे केवळ तर्काने सिद्ध होत नाही. तरी तो आस्तिकच. लायब्निट्सचा प्रश्न सुरुवातीचा नाहीच: काहीच नसण्याऐवजी काहीतरी का आहे? अनादी मालिका असली तरी प्रत्येक अवस्थेचं कारण आधीची अवस्था एवढंच मिळतं. ही मालिकाच का, दुसरी का नाही, याचं कारण मालिकेच्या आत सापडत नाही. मग जे नसूच शकत नाही अशा कशावर तरी यावं लागतं.

आणि आपल्याकडच्या वेदान्त्यांनी अनुमानावर भिस्त ठेवलीच नाही. ब्रह्मसूत्रातलं 'जन्माद्यस्य यतः' (ज्याच्यापासून या जगाचा जन्म वगैरे) हे अनुमान नव्हे, श्रुतिवाक्यांची गुंफण आहे, असं शंकराचार्य म्हणतात. 'पत्युरसामञ्जस्यात्' (२.२.३७) वर तर नुसतं निमित्तकारण असलेला ईश्वरच ते खोडतात. तेव्हा उदयन पडले म्हणून ईश्वर पडला असं होत नाही.

---

आर्द्रेंधन | रविवार, १५:०२

@अभंगवाणी, या धाग्यावरचा सगळ्यात वजनदार आस्तिक प्रतिसाद हाच. पण त्याचीही किंमत मोजावी लागते.

तुमचं इंजिन म्हणजे "प्रत्येक वस्तुस्थितीला पुरेसं कारण असतं" हे तत्त्व. ते सरसकट लावा. 'नसू शकल्या असत्या' अशा सगळ्या गोष्टींची एक मोट बांधा. तिचं पुरेसं कारण काय? ते स्वतः 'नसू शकलं असतं' असं असेल तर ते मोटेतच आलं, म्हणजे स्वतःचं कारण स्वतः. ते अपरिहार्य असेल आणि खरोखर पुरेसं असेल, तर त्यातून येणारी मोटही अपरिहार्य. मग काहीही वेगळं होऊच शकत नव्हतं, आणि ईश्वराने 'इच्छेने' निर्माण केलं म्हणायला जागा नाही. हा आक्षेप तत्त्वज्ञ व्हॅन इन्वेगनने १९८३ मध्ये नेटका मांडला. सुटका हवी तर तत्त्व सैल करायचं: स्वतंत्र इच्छेला पुरेसं कारण लागत नाही. पण एकदा अपवाद केला की समोरचा म्हणणार, मग विश्वालाच अपवाद करा.

मीमांसक कुमारिलांचा प्रश्नही इथेच येतो: काही हेतू डोळ्यांसमोर नसताना मंदबुद्धी माणूससुद्धा हात हलवत नाही, मग ईश्वराने का हलवावा? करुणेने म्हणाल तर सृष्टीआधी दुःखी कोण होतं? लक्षात घ्या, कुमारिल वेदाचे कट्टर पुरस्कर्ते आणि जगाबद्दल त्यांचं दर्शन म्हणतं, 'न कदाचिदनीदृशं जगत्', जग असं नव्हतं असं कधीच नव्हतं.

---

अभंगवाणी | रविवार, १५:४०

त्याला ब्रह्मसूत्रात 'लोकवत्तु लीलाकैवल्यम्' (सृष्टी ही नुसती लीला) हे उत्तर आहे, आणि दुःख-विषमतेला कर्मसापेक्षता, म्हणजे ज्याच्या त्याच्या कर्मानुसार फळ. पुरेसं कारण म्हणजे अटळ करणारं कारण, हे मला मान्य नाही. कारण समजावून देतं, जखडत नाही. एवढा फरक केला की तुमची मोट सुटते.

---

आर्द्रेंधन | रविवार, १६:०५

फरक करता येतो. मग "हेच का, ते का नाही" याचं उत्तर कारणात नसतं, आणि तुमचा मूळ प्रश्न तोच होता.

---

रात्रपाळी | रविवार, २३:१०

सूक्ष्म जुळणीबद्दल कोणीच बोललं नाही. स्थिरांक किंचित इकडे-तिकडे झाले असते तर आपण नसतो, वगैरे.

---

लंबन | सोमवार, ०७:५०

थोडक्यात. तथ्य भक्कम आहेत: तीन हेलियम केंद्रकांची एकत्र ऊर्जा कार्बन-१२ च्या किमान अवस्थेच्या ७.२७ मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट वर, आणि कार्बन-१२ ला ७.६५ वर नेमकी एक अवस्था आहे, म्हणून ताऱ्यांत पुरेसा कार्बन बनतो. हॉईलने १९५३ मध्ये ती असलीच पाहिजे म्हटलं आणि कॅल्टेकमध्ये ती सापडली. वैश्विक स्थिरांक नैसर्गिक एककांत १०^-१२० च्या घरात.

घोटाळा 'शक्यता कमी' म्हणताना होतो. शक्यता काढायला छेदात काय? स्थिरांक शून्यापासून अनंतापर्यंत काहीही असू शकले असते आणि सगळं सारखंच शक्य, असं धरलं तर एकूण बेरीज १ होतच नाही. प्रत्येक सांत पट्ट्याला शून्य शक्यता मिळते, मग तो अरुंद असो की रुंद. मर्यादा घालाल तर ती कोणी ठरवली? आणि दुसरी बाजू तितकीच अवघड: कर्ता असता तर त्याने हेच स्थिरांक निवडले असते, ही शक्यता किती? कर्त्याच्या आवडीनिवडी आधी गृहीत धरल्याशिवाय आकडा निघत नाही. अनेक विश्वांचा पर्यायही याच छेदाशी येऊन अडतो, तिथेही मोजायचं माप ठरलेलं नाही.

---

त्रसरेणू | सोमवार, ११:३०

एक धागा सुटतोय. समजा वादासाठी कार्यत्वावरून कर्ता मिळाला. तो *एक* कसा?

नैयायिक इथे लाघव आणतात: एकाने भागत असेल तर अनेक का मानायचे. लाघव हा दोन सारख्या पक्षांतून निवडायचा निकष आहे, तो प्रमाण नाही. रामानुजाचार्यांनी श्रीभाष्यात 'शास्त्रयोनित्वात्' या ब्रह्मसूत्रावर हेच धरलंय: पृथ्वी, समुद्र, पर्वत कार्य असले तरी ते सगळे एकाच वेळी, एकानेच केले याला पुरावा काय? रथ, वाडे, गोपुरं वेगवेगळ्या काळी वेगवेगळे कारागीर करतात. दृष्टांत घटाचाच धरायचा तर निष्कर्षातही घटाइतकंच येणार: मर्यादित ज्ञानाचे, देहधारी, अनेक कर्ते. हवे ते गुण दृष्टांतातून घ्यायचे आणि नको ते गाळायचे, तर गाळण्याचा नियम सांगा.

१७७९ मध्ये ह्यूमच्या मरणोत्तर छापलेल्या संवादांत हीच बहुकर्त्यांची शंका आहे. रामानुज सहा शतकं आधीचे आणि परम वैष्णव. ईश्वर शास्त्रानेच कळतो हे ठसवण्यासाठी त्यांनी अनुमानाचं दार स्वतः बंद केलंय.

---

पक्षता (धागाकर्ता) | सोमवार, २१:१५

नवीन येणाऱ्यांसाठी: पारिभाषिक शब्द अडले तर भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश उघडा, 'उपाधि' आणि 'अप्रयोजक' या नोंदी आधी.

@त्रसरेणू, गाळण्याचा नियम नैयायिक देतात, त्याला 'पक्षधर्मताबल' म्हणतात. व्याप्तीतून फक्त 'कर्ता' येतो. तो कसा, हे पक्षाच्या स्वरूपावरून ठरतं. कर्त्याला उपादानाचं प्रत्यक्ष ज्ञान हवं. द्व्यणुकाचं उपादान परमाणू, ते कुठल्याही देहधाऱ्याला दिसत नाहीत, म्हणून हा कर्ता अदेही आणि अतींद्रिय जाणणारा. प्रत्येक द्व्यणुकासाठी हे लागू, म्हणून सर्वज्ञ. पण याने एकत्व येत नाही हे खरं. शंभर कर्ते, प्रत्येकाला आपापल्या भागातल्या परमाणूंचं ज्ञान, हा पर्याय जिवंत राहतो. त्यावर गंगेशांच्या तत्त्वचिंतामणीच्या ईश्वरानुमान प्रकरणात लाघवापलीकडे काही मिळतं का हे ज्यांनी मूळ वाचलंय त्यांनी लिहावं. टीकेसह पंक्ती दिलीत तर आणखी बरं.